दहावा शब्द

सहाव्या दिवशी संध्याकाळी नऊच जण आले.

माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नसतात, म्हणून सासूनने नुसती नजर फिरवली. खिडकीपाशी म्हातारा अबूदी, ज्याच्या सुरीखालचं मांस गावातली उरलीसुरली यहुदी घरं खात असत. बाकावर बंदरातले पाच जण, गुडघ्याला गुडघा लावून. जमिनीवर गादीच्या तुकड्यावर एलायस, सहा दिवसांची दाढी, सदऱ्याची गळपट्टी फाडलेली. मोठ्या खुर्चीत मेनाशे, डोक्यावर हॅट. आणि तो स्वतः. काल बारा होते. आज सकाळची प्रार्थना आटोपून मूसा आणि त्याचे दोन मुलगे इथूनच सामान घेऊन विमानतळावर गेले. कलकत्ता, आणि तिथून पुढे कुठे मिळेल तिथे. जाताना तिघेही एलायसला मिठी मारून रडले होते. त्या रडण्यात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष आता पुरे होणार नाहीत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

घर गेलेल्या हेस्केलच्या, एलायसच्या बापाच्या, घड्याळांच्या दुकानाच्या माथ्यावर होतं. सुतकात एलायसने काम करायचं नाही, किल्लीही फिरवायची नाही. त्यामुळे खालच्या दुकानातली घड्याळं सहा दिवसांत एकेक करून गप्प झाली होती. बैठकीच्या भिंतीवरचं, आठ दिवसांनी किल्ली लागणारं तेवढं एक अजून चालत होतं. त्यात सव्वापाच झाले होते.

स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्यावर पावलं वाजली. मोशे आला. लुंगी सायकलच्या साखळीने काळी झालेली, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. तो स्वयंपाकघर ओलांडून बैठकीच्या उंबऱ्यापाशी थांबला. नेहमी तिथेच थांबायचा.

"आला का रे खेझूरी?" आतल्या खोलीच्या पडद्याआडून राहमाने विचारलं.

"नाही आत्या. गुडघा दुखतोय म्हणाले. जिने चढवत नाहीत."

"तू बघितलंस त्याला?"

मोशे घुटमळला. "व्हरांड्यात होते. पत्ते खेळत होते."

"बसून?"

"बसून."

"मग दुखणारच. केव्हाचा वाकवून ठेवलाय बिचाऱ्याने." पडदा बाजूला झाला. राहमा जमिनीवरच बसली होती, पण असं वाटलं की ती उभी आहे. "अरे, या खेझूरीचा बाप गेला तेव्हा अकरा महिने, सकाळ आणि संध्याकाळ, माझा नवरा दुकानाची फळी अर्धी ओढून धावत सुटायचा. गिऱ्हाईक घड्याळ हातात धरून उभं असायचं रस्त्यावर. एकदा अंगात ताप होता. मी म्हटलं, आज नका जाऊ, एक दिवसाने काय होतंय. तर म्हणाले, मी नाही गेलो तर तो नऊ जणांत तोंड मिटून उभा राहील. मुलाला बापासाठी तोंड उघडता येऊ नये, हे मला बघवत नाही. आता त्यांच्या मुलाने तोंड मिटून बसायचं, आणि खेझूरीने पत्ते पिसायचे."

"राहमा," मेनाशे म्हणाला, "इथे पुरुष बसलेत."

"दिसतायत दादा मला. कमी बसलेत, तेच तर सांगतेय."

बंदरातल्या एकाला हसू आलं. मेनाशेने मान वळवून पाहिलं तसं ते त्याने खोकल्यात घातलं.

मेनाशे सहासष्ट वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी सरकारने त्याचा बर्फाचा कारखाना घेतला, मोटार घेतली. सिनेगॉगचं अध्यक्षपद तेवढं कुणी मागितलं नाही. आता ज्या समितीचा तो अध्यक्ष होता त्या समितीतले उरलेले सगळे या खोलीत बसले होते. पण त्याने खुर्चीचा हात थोपटला की अजूनही माणसं गप्प बसत. त्याने थोपटला.

"हे बघा. दहा नाहीत, तर नाहीत. स्तोत्रं म्हणू, प्रार्थना ज्याची त्याने मनात म्हणायची. मुलाने बापासाठी म्हणायचं ते कद्दीश आज राहील. हेस्केल भला माणूस होता. देवाला मन कळतं."

"आईच्या वेळी नाही कळलं त्याला मन?" राहमा म्हणाली. "तेव्हा तू अकरा महिन्यांत एक दिवस गाळला नाहीस. पावसात मोटार बंद पडली तर लुंगी खोचून पाण्यातून गेला होतास. देव तेव्हा कमी शिकलेला होता का?"

"आईची गोष्ट वेगळी."

"का? आईचा आत्मा मोठ्या मापाचा होता?"

"आई," एलायस खालूनच म्हणाला, "जाऊ दे."

"तू गप्प बस. तू सुतकात आहेस."

"तूही आहेस."

"म्हणूनच बोलतेय. एरवी वेळ कुठे मिळतो." तिने डोळे पुसले, रागानेच पुसले, आणि मग सगळ्यांना जे दिसत होतं पण कुणी म्हणत नव्हतं ते म्हणाली. "मोशे आहे की."

खोलीतल्या नऊ जणांनी नऊ वेगळ्या ठिकाणी पाहिलं. सासूनने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"तेइन," मेनाशे मागे न वळता म्हणाला, "चहा टाक."

उंबऱ्यापाशी काही हललं नाही.

मेनाशेने त्याला कधी मोशे म्हटलं नव्हतं. त्याच्या ब्रह्मी आईने ठेवलेल्या नावानेच तो त्याला हाक मारी, तीही काम असलं तर. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, शाऊलचा, मुलगा होता. शाऊल बेचाळीस साली भारताच्या वाटेवर, डोंगरात, तापाने गेला, तेव्हा मोशे दहा वर्षांचा. घरात तेव्हापासून एक गोष्ट ठरल्यासारखी होती. त्याला सणाला बोलवायचं, पण जेवायला मागच्या व्हरांड्यात बसवायचं. सिनेगॉगमध्ये येऊ द्यायचं, पंखे लावायला आणि पुस्तकं उचलून ठेवायला. ठरवलं कुणी होतं? आईने, असं सगळे म्हणत. आई जाऊन नऊ वर्षं झाली तरी ठरलेलं तसंच होतं.

"शाऊल माझाही भाऊ होता," मेनाशे म्हणाला. आवाज चढला नव्हता, तो घट्ट झाला होता. "मला काय आतडी नाहीत? पण यहुदी कोण हे आईवरून ठरतं, बापावरून नाही. हे काय मी घरी बसून ठरवलं?"

"हेस्केलनी त्याला सगळं शिकवलंय. तो तुमच्या निम्म्या लोकांपेक्षा बरं वाचतो," राहमा म्हणाली.

"शिकवायला काय, पोपटालाही शिकवता येतं."

एलायस उठून उभा राहिला. सुतकातल्या माणसाने मोठ्यांसमोर असं उठायचं की नाही, हे त्याला सुचलं नसावं. "मोठे मामा, हा शब्द मागे घ्या."

"बस खाली."

"बाबांच्या घरात बसलायत तुम्ही."

"बस म्हणतो ना."

बंदरातल्या पाचांपैकी एक चाचरत म्हणाला, "मेनाशेसाहेब, आजच्यापुरतं धरून टाकू. उद्या सकाळ झाली की सुतक संपलं. कोण बघतंय?"

"ज्याच्यासाठी म्हणायचं तो बघतोय," मेनाशे म्हणाला. त्या माणसाने मान खाली घातली.

"मेनाशे म्हणतो ते नियमाला धरून आहे," अबूदीने दाढी खाजवत सांगितलं. "आता राहमा म्हणते तेही माणुसकीला धरून आहे."

"तुम्ही कशाला धरून आहात अबूदीचाचा?" राहमाने विचारलं.

"मी खिडकीला धरून आहे, बेटी. ऊन समोरच्या गच्चीवर चढलंय, आणि प्रार्थना मावळायच्या आत व्हायला हवी. ते काही आपलं भांडण मिटायची वाट बघणार नाही."

मेनाशेने हॅट सारखी केली आणि तो उठला. पुढच्या जिन्याच्या दारापर्यंत गेला. "त्याला धरणार असाल तर मला वगळा. मी चाललो. मग उरले आठ, आणि तो. बसा जुळवत."

सासून एकसष्ट वर्षांचा होता, आणि एकसष्ट वर्षं मेनाशेचा धाकटा भाऊ होता. लग्न झालं नाही. कारखान्याच्या कचेरीत तो पत्रं लिहीत असे, मेनाशेच्या घरातल्या मागच्या खोलीत पुस्तकं घेऊन राहत असे. तोंडातून वाक्य निघायच्या आधी तो ते मनात तीनदा तपासायचा, आणि तपासून होईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. आताही त्याच्या मनात एक वाक्य होतं. ते आजचं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीचं होतं.

जपानी गेल्यानंतरच्या वर्षी हेस्केल एका पहाटे त्याच्या खिडकीखाली आला होता. कलकत्त्याहून एक धर्मगुरू, हाखाम, आठवडाभरासाठी आलेत, म्हणाला. शाऊलने मुलाची सुंता आठव्या दिवशीच करून घेतली होती, धर्मात घ्यायला राहिलंय ते पाण्यात बुडणं तेवढं. त्यासाठी तीन जण लागतात. हाखाम एक, मी दुसरा. तिसरा हवा.

हेस्केलने त्याच्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. सासून गेला. तळ्याच्या काठावर धुकं होतं. चौदा वर्षांचा काटकुळा पोरगा थंडीने कुडकुडत पाण्यात उतरला, तीनदा पूर्ण बुडाला, आणि वर आला तेव्हा हाखामने त्याला मोशे म्हटलं. काठावर हेस्केलने आपला कोट त्याच्याभोवती गुंडाळला. आणि परतताना सासूनने हेस्केलला शपथ घातली की हे आईला कळू द्यायचं नाही, ती असेपर्यंत नाही. राहमालाही नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. हेस्केल कबूल झाला. मग आई गेली. तेव्हा सासून म्हणाला, मेनाशेचं वर्ष होऊन जाऊ दे. वर्ष झालं. मग सांगायला उशीर झाला होता, आणि उशीर झालाय हेच न सांगण्याचं कारण झालं.

पोपट, म्हणाला मेनाशे. सासूनला कानशिलं गरम झाल्याचं जाणवलं. मेनाशेचा राग आला होता, पण तो राग मेनाशेवर थांबेना. तो फिरून त्याच्याकडेच येत होता.

त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीच्या घड्याळाखाली ठेवलं, आणि चढला.

"सासून," मेनाशे दारातून म्हणाला, "आता किल्ली द्यायची वेळ आहे का?"

सासूनने घड्याळाची काच उघडली. लंबकाच्या मागे हात घालताना तो लंबकाला लागला आणि घरातलं शेवटचं घड्याळही थांबलं. मागच्या फळीला एक पाकीट चिकटवलेलं होतं. ते हेस्केलने त्याच्या देखत चिकटवलं होतं. म्हणाला होता, आठवड्यातून एकदा मी हे उघडणारच, म्हणजे विसरायला नको.

कागद पिवळा पडला होता. सासूनने तो स्टुलावर उभं राहूनच वाचला, कारण खाली उतरलो तर वाचणार नाही अशी त्याला भीती होती. शाऊलचा मुलगा, वय चौदा, आमच्या समोर पाण्यात उतरला, त्याने नियम मान्य केले, आजपासून तो इस्राएलच्या मंडळीतला आहे. तारीख. सह्या.

"कुणाच्या सह्या?" मेनाशेने विचारलं.

"कलकत्त्याचे हाखाम. हेस्केल."

"दोघांनी होत नाही. तिसरी?"

"माझी."

रस्त्यावर माशाच्या रश्श्यातल्या शेवया विकणारी मोहिंगावाली ओरडत गेली. 

"एकोणीस वर्षं," मेनाशे म्हणाला, "एकोणीस वर्षं तू माझ्या ताटाशेजारी बसून जेवतोयस."

"हो."

"आणि हे पोटात ठेवून जेवतोयस."

"हो दादा."

राहमा पडदा ओलांडून बाहेर आली होती. सासूनला वाटलं, ती आता मेनाशेवर तुटून पडेल. ती त्याच्याकडेच वळली.

"भाऊ, तुला माहीत होतं?" तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "दर सणाला तो पोरगा मागच्या व्हरांड्यात ताट मांडीवर घेऊन बसायचा. तू आत बसायचास. तू एकदा उठून पाणी द्यायला गेला होतास त्याला, मी बघितलं होतं. मला वाटलं, किती मायेचा आहे माझा भाऊ." तिने पदराने तोंड दाबलं आणि सोडलं. "पाणी दिलंस. दादाला तरी माहीत नव्हतं. तो चुकला. तू काय केलंस?"

 सासूनला कळलं की निम्मं सांगून स्टुलावरून उतरलो तर उरलेलं निम्मं पुढची एकोणीस वर्षं पुरेल.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "आईच्या वेळचं."

मेनाशेचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"सिनेगॉगमध्ये मोजायचं काम हेस्केलचं. तुम्हाला माहीत आहे तो कसा मोजायचा. ती दहा शब्दांची ओळ पुटपुटत, एका माणसाला एक शब्द. दहावा शब्द पडला की मान हलवायचा आणि सुरू व्हायचं. तुम्ही सगळे पुढे तोंड करून. मी त्याच्या शेजारी उभा असायचो. आई गेली त्या पावसाळ्यात माणसं येत नव्हती, आठवतं? खेझूरीकडचे डोंगरावर गेले होते. रोज नऊच असायचे. आणि हेस्केल रोज मान हलवायचा." सासूनने मोशेकडे पाहायचं टाळलं, मग पाहिलं. "दहावा शब्द तो दाराजवळच्या खांबावर टाकायचा. खांबाआड हा असायचा. पंख्याच्या बटणापाशी."

"किती दिवस?"

"पावसाळाभर. नंतरही, मधूनमधून. आईच्या शेवटच्या कद्दीशलासुद्धा."

मेनाशेचा चेहरा असा झाला की अबूदी खिडकीपासून दोन पावलं पुढे आला, पडला तर धरावं म्हणून. "घड्याळजीने," मेनाशे म्हणाला, "माझ्या आईच्या… त्या घड्याळजीने मला न विचारता…"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?" राहमा म्हणाली. तिचा आवाज परत आला होता, आणि आता त्यात रडं नव्हतं. "दादा, मला काही तुमच्यात मोजत नाहीत, पण हिशेब मलाही कळतो. सांग मला. हा जर मंडळीतला नसेल, तर आईचं कद्दीश झालेलंच नाही. तू नऊ जणांत उभा राहून वारा गिळत होतास, पावसाळाभर. ती अजून तिथेच अडकली असेल, वाट बघत. आणि झालं असेल, तर ते याच्यामुळे झालं. ज्याला तिने मरेपर्यंत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याच्यामुळे. दोन्हीतलं कुठलं हवं तुला? तू सांग, आम्ही तेच मानू."

"हे बोलणं बरं नाही, राहमा."

"मग गप्प बसणं बरं होतं? हा बसला ना गप्प, तुझा भाऊ. बघ काय झालं त्याचं."

कोणीच मोशेला विचारलं नव्हतं. तो आपणहून बोलला, तेव्हा काही जणांना तो तिथे आहे हे नव्याने आठवल्यासारखं झालं.

"मला माहीत होतं सासूनकाका," तो म्हणाला. "तुम्ही सगळे असं बोलताय की जणू कागद सापडला म्हणून मला कळलं. पाण्यात मीच उतरलो होतो. गारठून गेलो होतो. विसरेन कसा?" त्याने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. तो तेहेतीस वर्षांचा होता, गोदीतला फिटर. "हेस्केलकाका म्हणाले, थोडं थांब, तुझे काका बोलतील. मी थांबलो. दर वर्षी वाटायचं, या सणाला बोलतील. आता तुम्हाला एक कमी पडला, तर कागद निघाला. गरज लागली की दहावा, नाही लागली की पंखेवाला. मग मला नाही मोजून घ्यायचं. मी चहा टाकतो."

तो वळला. एलायस गादीवरून उठून त्याच्याकडे गेला, पण त्याला हात लावला नाही.

"मोशे," तो म्हणाला, "बाबांसाठी आहे हे. यांच्यापैकी कुणासाठी नाही. मी सहा दिवस त्यांच्यासाठी तोंड उघडतोय. आज मिटायला लावू नकोस."

मोशे पाठमोराच उभा राहिला. स्टोव्हवर आधीच ठेवलेलं आधण उकळायला लागलं होतं. त्याने हात लांब करून स्टोव्ह बंद केला. "हेस्केलकाकांसाठी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही, मेनाशेसाहेब. हे कळलेलं बरं."

तो परत आला आणि होता तिथेच, उंबऱ्यावर, उभा राहिला.

ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर एका काठीएवढं उरलं होतं. अबूदीने काही म्हटलं नाही, नुसतं बोट दाखवलं. सगळे मेनाशेकडे पाहत होते. त्याची पाठ अजून खोलीकडे होती, कडी अजून हातात. दार उघडलं तर जिना होता, आणि जिन्याखाली रस्ता, आणि रस्त्यावर त्याला कुणी अडवणार नव्हतं.

"उंबऱ्यावर उभा राहिलेला मोजत नाहीत," मेनाशे दाराकडे तोंड करूनच म्हणाला. आवाजात इतका संताप होता की तो काय बोलला हे कळायला बाकीच्यांना क्षण लागला. "दहाच्या दहा एका खोलीत लागतात. एवढी वर्षं शिकवलं त्याने, हे नाही शिकवलं? आत ये म्हणावं त्याला."

मोशेची नजर राहमाला शोधत गेली. ती पडद्यामागे गेली होती. त्याने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

"मोज," मेनाशे म्हणाला.

ते आपल्याला उद्देशून आहे हे सासूनला उशिराच कळलं. तो स्टुलावरून उतरला. हेस्केलने त्याच्या शेजारी उभं राहून हजारो वेळा म्हटलेली ती ओळ त्याला येत होती, पण मोठ्याने त्याने ती कधी म्हटली नव्हती. पहिला शब्द त्याने दारातल्या मेनाशेच्या पाठीवर ठेवला. मग अबूदी. मग बाकावरचे पाच, एकेक. आठवा एलायस. नववा स्वतःच्या छातीवर. आणि दहावा, ज्याचा अर्थ कायमचं असा आहे, तो त्याने मोशेवर ठेवला. आवाज फुटला. कुणी हसलं नाही.

एलायसने कद्दीश म्हटलं. ज्या ज्या ठिकाणी मंडळीने आमेन म्हणायचं त्या त्या ठिकाणी ती म्हणाली. पहिल्या आमेनला सासूनने कान दिला. मोशेचा आवाज येत नव्हता. ओठ हलत होते तेवढेच. एकोणीस वर्षं खांबाआडून असंच म्हणायची सवय. दुसऱ्याला जरासा आला. तिसऱ्याला खोलीत भरला. दाराकडून मेनाशेचा आमेन प्रत्येक वेळी सगळ्यांच्या मागाहून येत होता, तक्रार केल्यासारखा. पण येत होता.

संपल्यावर कुणी कुणाला मिठी मारली नाही. बंदरातले पाच जण भराभरा उतरून गेले. अबूदीने सुतकाच्या घरी ठेवतात त्या वाटीतलं उकडलेलं अंडं खिशात टाकलं आणि मोशेला म्हणाला, "सकाळी सहाला. झोपून राहिलास तर मी सुरी घेऊन येईन." राहमाने बैठकीत येऊन मोशेला चहा दिला, आणि सासूनला दिला नाही.

मेनाशे आणि सासून नेहमीप्रमाणे बरोबरच घरी निघाले, कारण घर एकच होतं. दिवे लागत होते. खेझूरीच्या व्हरांड्यात अजून चौघे बसले होते. मेनाशे फाटकापाशी थांबला आणि रस्त्यावरूनच, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खेझूरी, सकाळी सहाला हेस्केलच्या घरी यायचं. गुडघा घरी ठेवून ये हवं तर." उत्तराची वाट न बघता तो पुढे चालू लागला.

 महाबंदुला रस्त्याच्या कोपऱ्यावर तो म्हणाला, "तुझं सामान मी उद्या बाहेर काढू शकतो. तुला कळतंय ना?"

"काढ दादा."

"पुस्तकंच आहेत सगळी. कोण नेईल ती?"

"मोशेची सायकल आहे."

मेनाशेने नाकाने आवाज केला. रागाचाच होता. आणखी थोडं चालून झाल्यावर, पुढे बघत, त्याने विचारलं, "आईच्या शेवटच्या दिवशी. तो नक्की होता?"

"होता. खांबाला टेकून रडत होता. तिने त्याला कधी जवळ घेतलं नव्हतं, तरी."

"दहावा तो."

"हो. नववा मी."

दोघे चालत राहिले. मेनाशेचे बूट सासूनच्या बुटांपेक्षा नेहमीच जास्त वाजत.

"आणि मी कितवा असायचो?" मेनाशेने विचारलं. "त्याच्या त्या मोजणीत."

एरवी सासूनने हे वाक्य तीनदा तपासलं असतं.

"तुला तो नेहमी पहिला धरायचा," तो म्हणाला.